मधल्या रात्रीचा भाव

मोसम नदीच्या काठी, बागलाण तालुक्यात नामपूर आहे. गावाची सकाळ बाजार समितीच्या आवारात उगवते. कांद्याने भरलेल्या ट्रॉल्या आणि पिकअप रांगेने उभ्या राहतात, व्यापारी एकेका गाडीजवळ येतात, वरचा कांदा उचलून दाबून बघतात, बोली सुरू होते आणि बघता बघता पुढच्या गाडीकडे सरकते. कुणाच्या चार महिन्यांच्या राबण्याचा निकाल अर्ध्या मिनिटात लागतो. दिवसभरात अशा कितीतरी बोली लागतात, पण संध्याकाळी जगापुढे जातात ते तीनच आकडे: किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. रुपये प्रति क्विंटल.

या तीन आकड्यांवर उन्हाळ कांद्याच्या दिवसांत घरोघर खल चालतो. चाळीत माल भरून ठेवलेला असतो. आज चाळ फोडायची की आठवडाभर थांबायचं, हा प्रश्न असतो. थांबलं तर भाव चढेलही, पण वजन घटतं आणि सडही लागते. म्हणून माझ्या मामेभावाने ठरवलं की हे आकडे वहीत न ठेवता पडद्यावर रेघेत मांडायचे. तो पुण्यातल्या एका कंपनीचं काम नामपुरातून करतो. त्यासाठी त्याने ‘डी-थ्री’ घेतलं, म्हणजे ब्राउझरमध्ये आकड्यांची चित्रं काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी. स्टॅनफर्ड विद्यापीठात माइक बॉस्टॉक, वादिम ओगिएवेत्स्की आणि जेफ्री हीर यांनी ती २०११ मध्ये जगापुढे आणली. ती फुकट आहे, खुली आहे, आणि मोठमोठ्या वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरचे आलेख तिच्यातून निघतात.

मुद्दाम काही सांगितलं नाही, तर डी-थ्री दोन ठिपके सरळ रेषेने जोडते. चित्र करवतीच्या दात्यांसारखं दिसतं. पोराला ते आवडलं नाही. त्याने एक शब्द बदलला, वळणाचा ‘कार्डिनल’ नावाचा प्रकार लावला, आणि करवतीची झुळझुळीत रेघ झाली. मग त्याने लॅपटॉप ओट्यावर आणून मामांपुढे ठेवला.

मामांनी चष्मा लावला. रेघेवरून बोट फिरवत फिरवत ते एका जागी थांबले.

“हाऊ भाव कोनले मियना?” म्हणजे, हा भाव कुणाला मिळाला?

सोयीसाठी आकडे गोळाबेरीज करून सांगतो. सोमवारी सर्वसाधारण दर ३,०००. मंगळवारी ३,०००. बुधवारी धाडकन १,६००. गुरुवारी पुन्हा १,६००. सोमवार आणि मंगळवार सारखे, म्हणजे त्यांच्यामधली रेघ आडवी हवी. पण पडद्यावर ती सोमवारनंतर हळूच वर चढत होती, मध्यरात्र उलटल्यावर ३,१०० च्याही पुढे जात होती आणि मग उतरून मंगळवारच्या ठिपक्यावर येत होती. बुधवार आणि गुरुवारच्या मध्ये उलटा प्रकार होता. तिथे रेघ १,५०० च्या खाली बुडी मारून वर आली होती.

“नाना, ते नुसतं वळण आहे,” पोरगा म्हणाला. “डोळ्यांना बरं दिसावं म्हणून.”

“रात्री लिलाव झाला होता का कुठे?”

झाला नव्हता. पण त्या फुगवट्याने एक अख्खी गोष्ट रचली होती. ती म्हणत होती की भाव चढत होता, आणि चढता चढता कोसळला. पुढे म्हणत होती की तळ गाठला, आता सुधारतोय. चाळीत माल असलेल्या माणसाला हे दुसरं वाक्य फार महागात पडू शकतं. प्रत्यक्षात आकडे एवढंच सांगत होते की भाव स्थिर होता, पडला, आणि पडलेलाच राहिला.

पोराने दुसरी वळणं लावून पाहिली. डी-थ्रीमध्ये ती बरीच आहेत. ‘नॅचरल’ लावल्यावर फुगवटा कमी होण्याऐवजी वाढला आणि मधल्या रात्रीचा भाव ३,१८० वर गेला. ‘बेसिस’ लावल्यावर फुगवटा नाहीसा झाला, रेघ देखणी दिसू लागली, पण मंगळवारच्या ठिपक्यातून ती जाईचना. ठिपका ३,००० वर आणि रेघ त्याच्या खालून, २,७६७ वरून चाललेली. मामांनी आतून मंगळवारी विकलेल्या मालाची हिशोबपट्टी आणून लॅपटॉपशेजारी ठेवली. पट्टीवर जे होतं ते होतं.

आता हा नुसता दिसण्याचा प्रश्न राहिला नव्हता. चारच आकडे, आणि तीन वळणांनी तीन वेगळे भाव सांगितले. खरं कोण बोलतंय?

या प्रश्नाचा माग काढत मागे गेलं की पहिला मुक्काम १९०१ साली जर्मनीत लागतो. तोवर गणितींची अशी धारणा होती की ठिपके वाढवा आणि त्या सगळ्यांतून जाणारं एकच मोठं समीकरण मांडा, मग रेघ खऱ्या आकाराच्या जवळ जवळ येत जाईल. कार्ल रुंगे यांनी एक साधा, घंटेच्या आकाराचा वक्र घेतला, त्यावर समान अंतराने ठिपके मांडले आणि हिशेब केला. ठिपके वाढवत गेल्यावर मधला भाग छान जमला, पण दोन्ही टोकांना रेघ वर-खाली हेलकावे खाऊ लागली, आणि ठिपके जितके जास्त तितके हेलकावे मोठे. रेघ प्रत्येक ठिपक्यातून बरोबर जात होती, खोटं बोलत होती ती दोन ठिपक्यांच्या मध्ये. नामपूरच्या ओट्यावर जे दिसलं त्याचा हा पूर्वज.

जहाजं बांधणाऱ्यांना हे दुखणं माहीत नव्हतं, कारण ते समीकरण मांडतच नसत. लाकडाची लांब, लवचीक पट्टी घ्यायची, शिशाची वजनं ठेवून ती हव्या त्या ठिकाणी दाबायची आणि पट्टी आपणहून जशी वाकेल तशी रेघ मारायची. त्या पट्टीचं इंग्रजी नाव स्प्लाइन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या तोफमाऱ्याच्या प्रयोगशाळेत काम केलेले आयझॅक शोनबर्ग यांनी १९४६ मध्ये हेच नाव गणितात आणलं. एक अवाढव्य समीकरण नको, छोट्या छोट्या तुकड्यांची लहान समीकरणं घ्या आणि सांधे गुळगुळीत ठेवा, असा त्यांचा मार्ग होता. डी-थ्रीमधलं ‘बेसिस’ वळण याच घराण्यातलं. ते मुळातच ठिपक्यांतून जायचं वचन देत नाही. प्रत्येक ठिकाणी ते शेजाऱ्यांना वाटा देतं: आदल्या दिवसाचा एक, आजचे चार, उद्याचा एक, आणि बेरजेला भागिले सहा. मंगळवारी ३,००० अधिक १२,००० अधिक १,६००, भागिले सहा, म्हणजे २,७६७. बुधवारच्या पडझडीने मंगळवारचा भाव आधीच खाली ओढला होता. असा उद्याचा भाव आज कळत असता तर बागलाणात एकही माणूस कर्जात राहिला नसता.

‘नॅचरल’ म्हणजे त्या लाकडी पट्टीचंच गणित. पट्टीला एका जागी झटकन खाली वाकवायचं असेल तर ती त्याआधी उलट बाजूला फुगते. लाकडाचा स्वभावच तो. जहाजाच्या पोटाला हा फुगवटा शोभतो. पण जहाजाचं पोट खरोखर अखंड असतं, दोन वजनांच्या मध्येही तिथे लाकूड असतं. सोमवारच्या आणि मंगळवारच्या लिलावाच्या मध्ये काहीच नसतं.

कथेतला सर्वांत रहस्यमय माणूस पुढे येतो. पॉल द कास्तेल्जो हा तरुण फ्रेंच गणिती १९५८ च्या सुमारास सिट्रोएन या मोटार कंपनीत लागला. त्या काळी गाडीचा आकार मातीच्या नमुन्यांवर आणि आरेखकांच्या हातावर ठरे. हा म्हणत होता की वळण आकड्यांनी सांगता येईल. वक्रावरचे ठिपके मोजत बसू नका, वक्राच्या बाहेर चार खुंट्या ठोका. पहिल्या आणि शेवटच्या खुंटीला वक्र टेकेल. मधल्या दोन खुंट्यांना तो शिवणार नाही, फक्त त्यांच्याकडे ओढला जाईल. वक्रावरची एखादी जागा काढायला लागते ती केवळ मध्यबिंदूंची बेरीज-भागाकार. चार खुंट्यांचे तीन मध्यबिंदू, तिघांचे दोन, दोघांचा एक. तो शेवटचा एक बिंदू वक्रावर असतो.

एवढी सोपी गोष्ट, आणि कंपनीने ती कुलूपबंद ठेवली. प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागू नये म्हणून अंतर्गत टिपणं बाहेर जाऊ दिली नाहीत. तिकडे रेनॉ कंपनीत पियेर बेझिए हे अनुभवी अभियंते, १९३३ पासून तिथेच नोकरीला असलेले, साठच्या दशकात वेगळ्या वाटेने त्याच वक्रांपाशी पोचले. त्यांना मात्र लिहायची, बोलायची, छापायची मुभा होती. साहजिकच जगाने त्या वक्रांना बेझिएचं नाव दिलं. सत्तरच्या दशकात जर्मन गणिती वोल्फगांग ब्योम यांच्या हाती द कास्तेल्जो यांची जुनी टिपणं आली, तेव्हा कळलं की दुसरा माणूस तिथे आधीच पोचला होता. वक्राचं नाव बदललं नाही. मध्यबिंदू काढायच्या कृतीला तेवढं त्यांचं नाव मिळालं. बेझिए १९९९ मध्ये गेले, द कास्तेल्जो २०२२ मध्ये.

मोटारीच्या पत्र्यातून हा वक्र छपाईत शिरला. पोस्टस्क्रिप्ट या पानं छापायच्या भाषेत त्याला मानाची जागा मिळाली, आणि २००१ मध्ये ब्राउझरसाठी एसव्हीजी हे चित्रांचं मानक आलं तेव्हा तिथेही. संगणकावरची अक्षरंसुद्धा याच जातीच्या वक्रांनी आखलेली असतात. र. कृ. जोशींनी आखलेल्या ‘मंगल’ या देवनागरी फाँटमधल्या ‘क’च्या पोटालाही अशाच खुंट्या आहेत, जरा कमी, पण आहेत.

आता पुन्हा ओट्यावर. डी-थ्री स्वतः काही रंगवत नाही. ती एसव्हीजीला मजकूर लिहून देते: अमुक ठिकाणी पेन टेकव, मग ‘सी’ हे अक्षर, त्यापुढे सहा आकडे. ते सहा आकडे म्हणजे पुढच्या तीन खुंट्यांच्या जागा. पहिली खुंटी, जिथे पेन टेकलेलं आहे तीच. कार्डिनल असो, नॅचरल असो की बेसिस, सगळी वाकडी वळणं शेवटी या एका अक्षरातून उतरतात. म्हणजे पेन सगळ्यांचं एकच, द कास्तेल्जो आणि बेझिए यांचं. भांडण आहे ते मधल्या दोन खुंट्या कुठे ठोकायच्या याचं.

पोराने ब्राउझरमध्ये आलेखाच्या आतला मजकूर उघडला, सोमवार-मंगळवारचा तुकडा शोधला आणि पडद्यावरची मापं पुन्हा रुपयांत फिरवली. चार खुंट्यांची उंची निघाली: ३,०००, ३,०००, ३,२३३, ३,०००.

चोर तिसऱ्या खुंटीवर बसला होता. ३,२३३ हा भाव कोणत्याही व्यापाऱ्याने पुकारला नव्हता. तो आला कुठून? कार्डिनलचा नियम असा की मंगळवारच्या ठिपक्यावर रेघ किती कललेली असावी हे ठरवायला सोमवार आणि बुधवार यांना जोडणारी तिरकी रेषा बघायची. ती रेषा जोरात उतरते आहे, म्हणून मंगळवारीही रेघ जोरात उतरतीच हवी. उतरत उतरत ३,००० वर यायचं तर आधी ३,००० च्या वर जाणं भाग आहे. मामांना हे समजावायला पोराने कागदावर मध्यबिंदू काढले. चार खुंट्यांचे मध्य ३,०००, ३,११७, ३,११७. त्यांचे मध्य ३,०५८ आणि ३,११७. त्यांचा मध्य जवळपास ३,०८७. आणि अर्ध्याच्या थोडं पुढे, दोन-तृतीयांशावर हिशेब केला की ३,१०४. पडद्यावरचा फुगवटा कागदावर रुपयांसकट सापडला.

“मग खुंटी खाली घे,” मामा म्हणाले.

शोध म्हणावा तर हाच. पण तो सर्व ठिपक्यांसाठी, सर्व दिवसांसाठी नियमात कसा बसवायचा? एक खुंटी हाताने खाली घेणं सोपं, वर्षभराच्या भावांच्या खुंट्या कोण घेत बसणार?

हा नियम आधीच कुणीतरी शोधून ठेवला होता. १९८० मध्ये फ्रेड फ्रिट्श आणि राल्फ कार्लसन यांनी दाखवलं की ठिपके चढते असतील तर रेघही चढतीच ठेवता येते, मध्ये कुठेही उलटी न वळता. दहा वर्षांनी, १९९० मध्ये, मॅथियास श्टेफेन या जर्मन संशोधकाने त्याहून सुटसुटीत कृती दिली. ती छापून आली खगोलशास्त्राच्या नियतकालिकात, ‘अॅस्ट्रॉनॉमी अँड अॅस्ट्रोफिजिक्स’मध्ये. ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्यालाही मोजक्या ठिपक्यांमधल्या जागा भराव्या लागतात, आणि घनतेसारखी राशी मधल्याच जागी वळणाच्या नादात शून्याखाली गेली तर पुढचं सगळं गणित वाया जातं.

श्टेफेन यांची कृती अशी. प्रत्येक ठिपक्याशी थांबा. मागचा चढ बघा, पुढचा चढ बघा. एक चढता आणि एक उतरता असेल, किंवा दोन्हींपैकी एक सपाट असेल, तर या ठिपक्यावर रेघ आडवी ठेवा. दोन्ही एकाच दिशेचे असतील तर रेघेला कल द्या, पण दोहोंतला जो चढ कमी आहे त्याच्या दुपटीपेक्षा जास्त नको. झालं. एवढ्याने दोन ठिपक्यांच्या मध्ये नवं शिखर उगवत नाही की नवा खड्डा पडत नाही. सर्वांत उंच जागा असेल ती ठिपक्यावरच, सर्वांत खोल जागाही ठिपक्यावरच.

डी-थ्रीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत ‘मोनोटोन’ नावाचं वळण फ्रिट्श-कार्लसन पद्धतीचं होतं. २०१६ च्या चौथ्या आवृत्तीत लायब्ररीचे तुकडे वेगळे केले गेले, आकारांचा स्वतंत्र भाग झाला, आणि ‘कर्व्ह मोनोटोन एक्स’ या नव्या नावाखाली श्टेफेन यांची कृती आली. यादीत ते नाव ‘कार्डिनल’च्या फार दूर नाही. पण नावावरून त्याची किंमत कळत नाही, आणि पोरं सहसा जे छान वळतं तेच उचलतात.

शब्द बदलला. सोमवार ते मंगळवार, चारही खुंट्या ३,००० वर. रेघ आडवी. मंगळवारपासून ती गुळगुळीत उतरली आणि बुधवारी १,६०० वर येऊन तिथेच सपाट झाली. मधल्या रात्रीचा भाव पुसला गेला. पोरगा खूश. मामांनी मान हलवली आणि मागचं दाखव म्हणाले, “बंदीचं वरीस दाखव.”

बंदीचं वर्ष म्हणजे २०२३. ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसलं, आणि ८ डिसेंबरपासून निर्यात पूर्ण बंद झाली. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर उतरले. निर्यात खुली झाली ती मे २०२४ मध्ये, तीही टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क या अटींवर. पोराने तो काळ पडद्यावर आणला. भाव कोसळलेला दिसत होता, रेघ नव्या नियमाने शहाणी वागत होती, एकही खोटा फुगवटा नव्हता.

तरी मामांचं बोट पुन्हा थांबलं. ज्या दिवशी लिलावच झाला नाही त्या दिवशीही रेघ चालू होती.

आकड्यांच्या फाइलीत बंद दिवसांच्या ओळीच नव्हत्या, त्यामुळे डी-थ्रीला काही चुकतंय असं वाटायचं कारण नव्हतं. तिने अलीकडचा ठिपका पलीकडच्या ठिपक्याला जोडून टाकला. श्टेफेन यांची कृती मधल्या जागेत शिखर उगवू देत नाही, पण मधली जागा आहे की नाही हे ती विचारत नाही. त्यासाठी डी-थ्रीमध्ये वेगळी सोय आहे. ‘डिफाइन्ड’ नावाची एक चाचणी प्रत्येक ओळीला लावता येते: इथे आकडा आहे का? नसेल तर पेन उचल आणि पुढे आकडा मिळेल तिथे पुन्हा टेकव. पोराने बंद दिवसांच्या रिकाम्या ओळी मुद्दाम भरल्या, म्हणजे चाचणीला नापास करायला काहीतरी मिळेल. रेघ तुटली. संपाचे दिवस, रविवार, अमावस्येला लिलाव न करायच्या जुन्या प्रथेचे दिवस, सगळीकडे मोकळ्या फटी पडल्या. चित्र कुरूप झालं. मला ते पहिल्यांदाच नामपूरच्या बाजाराचं वाटलं.

विल्यम प्लेफेअर हा आलेखांचा आद्य पुरुष. १८२१ मध्ये इंग्लंडमधल्या गव्हाच्या किमतीचा प्रसिद्ध आलेख काढताना त्याने मजुरीची रेघ वळवली, पण गव्हाचा भाव मात्र उभ्या ठोकळ्यांत ठेवला, पायऱ्या पायऱ्यांनी. कारण काहीही असो, भावाला पायरी शोभते. डी-थ्रीमध्ये ‘स्टेप’ नावाचं वळण आहे, ज्यात वळणच नाही. ते लावून पाहिलं. मामांना ते पटलं, पण वर्षभराचा आलेख एवढा दाट झाला की काहीच वाचता येईना. म्हणून महिन्याच्या चित्राला पायऱ्या आणि वर्षाच्या चित्राला श्टेफेन, अशी वाटणी झाली.

एवढ्यावर काम संपायला हरकत नव्हती. पण मामा ज्या आकड्यावर कधीच विश्वास ठेवत नव्हते तो अजून पडद्यावरच होता: सर्वसाधारण दर. त्यांचं म्हणणं, त्यांची ट्रॉली या दराने एकदाही गेली नाही. मग पोराने एका रेघेच्या जागी पट्टा काढला. डी-थ्रीत त्याला ‘एरिया’ म्हणतात. खालची कड किमान दराची, वरची कड कमाल दराची, दोन्ही कडांना तेच मोनोटोन वळण, बंद दिवशी पट्टाही तुटलेला. आणि त्यावर मामांच्या हिशोबपट्ट्यांतले भाव ठिपक्यांनी टाकले, कशालाही न जोडता.

बहुतेक ठिपके पट्ट्याच्या खालच्या अर्ध्यात पडले. त्यावरून बापलेकांचं जे वाजलं ते गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी काढायची की सगळा माल एकत्र भरायचा, याबद्दल होतं. पोरगा म्हणत होता की निवडून भरला असता तर ठिपके वर गेले असते. मामा म्हणत होते, निवडायला बाया लावायच्या तर त्यांची मजुरी या चित्रात कुठे दिसते ते आधी दाखव.